बाजींचा पट्टा पुन्हा तुटला, शनिवारच्या आत हवाय

प्रेषक: सजावट (नॉटिंगहॅम)

नमस्कार मंडळी,

काल हॉलवरून किल्ल्यावरच्या छोट्या मूर्तींचा खोका घरी आणला. उघडून बघते तर बाजीप्रभूंच्या डाव्या हातातला दांडपट्टा पुन्हा तुटलेला. अगदी तिथेच, खोबळ्यातून, म्हणजे मुठीवरच्या आवरणातून, पातं बाहेर येतं तिथे. खिंडीतल्या अकरा मावळ्यांचे भाले गेलेत, चार वाकलेत. पातं सापडलं, भाल्यांची टोकं काही मिळाली, काही नाही. सुपरग्लूने गणपतीत दोनदा चिकटवून झालंय. शनिवारी सकाळी किल्ला मांडायचा आहे. पन्हाळा तयार आहे, खिंडीची माती बसली आहे, पण बाजींशिवाय घोडखिंड मांडायची कशी? कोणाकडे बारीक ड्रिल आहे का? कृपया "नवीन मागवा" सुचवू नका, इतक्यात रंगवून होणार नाही.

प्रेषक: काका (डर्बी)

ड्रिल आहे, हातात फिरवायचं, अर्ध्या मिलिमीटरपासून पात्यांसकट. गुरुवारी संध्याकाळी आणून देतो. पण आधी ऐका, पुन्हा सुपरग्लू लावू नका. तो ओढायला घट्ट असतो, पण आडवा टोला बसला की काचेसारखा तडकतो. पट्ट्याचा जोड तिळाएवढा, तिथे नुसता गोंद कधीच टिकणार नाही. आत तार हवी.

जुनं पातं विसरा, त्यात भोक पाडायला जाडीच नाही. 1 मिमीची पितळी तार घ्या. एक टोक ऐरणीवर हलक्या हाताने ठोकून चपटं करा, कानशीने पात्याचा आकार द्या, दुसरं टोक तीनेक मिलिमीटर गोलच ठेवा. खोबळ्यात आधी सुईने खूण करा, नाहीतर ड्रिल घसरून बोटात जातं. मग सरळ भोक, घाई न करता, दर दोन फेऱ्यांनी भुसा काढत. गोल टोक आत बसवा आणि अराल्डाईट लावा. पाच मिनिटांतलं नको, रात्रभर सुकणारं.

जुना सुपरग्लू निघत नसेल तर मूर्ती पिशवीत घालून दोन तास फ्रीझरमध्ये ठेवा. गोंद ठिसूळ होतो आणि जोड टचकन सुटतो. अ‍ॅसिटोन वापरलंत तर रंगही जाईल.

वाकलेले भाले एकदाच सरळ करा, हळूहळू, आणि सोडून द्या. मऊ धातू पुन्हापुन्हा वाकवला की तिथेच तुटतो. मोडलेल्यांची मूठ आरपार भोकून 0.8 ची तार घाला. मूर्ती 28 मिमीची आहे, भाला पाच सेंटीमीटरपेक्षा लांब नको.

प्रेषक: सचिव

खोका मी भरला होता, म्हणून लिहिते. प्रत्येक मावळा टिश्यूत गुंडाळला होता, वर "वर" आणि बाण काढला होता. व्हॅनमध्ये समयांची पेटी कोणी वर ठेवली ते मला माहीत नाही. पुढच्या वेळेपासून सजावटीचं सामान सजावट समितीनेच भरावं आणि न्यावं, हे मी जूनच्या बैठकीतही बोलले होते.

प्रेषक: सजावट (नॉटिंगहॅम)

सचिव वहिनी, तुमच्यावर रोख अजिबात नाही. पण टिश्यूच अडकतो हो. उलगडताना भाल्यात गुंततो आणि ओढलं की गेला. स्पंजच्या खाचांचंही तेच. मुलगा त्याच्या क्लबात तळाला लोहचुंबक लावून पत्र्याच्या डब्यात मूर्ती उभ्याच नेतो, वरून काही स्पर्शच करत नाही. तसं करू या का?

प्रेषक: डॉक्टर ताई (लेस्टर)

चुंबकाला माझा ठाम विरोध. किल्ल्याभोवती तीन-चार वर्षांची मुलं असतात. ते छोटे निओडिमियमचे चुंबक सुटले आणि मुलाने दोन गिळले, तर आतड्याच्या दोन वळणांतून एकमेकांना चिकटतात, मधलं आतडं चिमटून भोक पडतं. ऑपरेशनची वेळ येते. आणि काका, पोलादी तारेचे भाले करणार असाल तर टोकं बोथट करा. मुलांच्या डोळ्यांच्या उंचीवर आहे ते टेबल.

प्रेषक: काका (डर्बी)

ताईंचं म्हणणं खरं आहे, मी याचा विचार केला नव्हता. मग उलटं करा. चुंबकी रबरी शीट डब्याच्या तळाला, आणि मावळ्याखाली दोन पेन्सचं नाणं. 1992 पासूनची नाणी पोलादाची आहेत, वर तांब्याचा मुलामा. तरी प्रत्येक नाणं चुंबकाला लावून बघा. शीटची ओढ कमी असते, डबा पालथा केलात तर सुटतील, पण व्हॅनमध्ये उभे राहायला पुरते. भाले पितळीच करतो, टोकं कानशीने गोल.

प्रेषक: काका (लाफबरो)

साताऱ्याला आमच्या वाड्यात किल्ला करायचो तेव्हा वडील मातीचे मावळे स्वतः करत. ओल्या मुठीत उदबत्तीची जळून उरलेली काडी खुपसायचे, तोच भाला. काडी मोडली की दुसरी, देवघरात तोटा नव्हता. माती वाळली की आकसून काडी अशी धरायची की मावळा फुटला तरी भाला निघत नसे. डर्बीकरांची पितळी तार वाचून तेच आठवलं. यंदा पन्हाळा केलात, छान केलंत, बारा किल्ले 2025 मध्ये जागतिक वारशात गेले त्यात तोही आहे. पण पुढच्या वर्षी अजिंक्यतारा करा.

प्रेषक: वहिनी (बीस्टन)

अळीव पेरलं का कोणी? इथल्या थंडीत पाच दिवस लागतात. मी ताटात ओल्या कापडावर आधीच रुजवलंय, शनिवारी तटाखाली लावता येईल.

प्रेषक: सजावट (नॉटिंगहॅम)

वहिनी, हवंच, आणा.

पट्टा झाला. बाजींना फ्रीझरमध्ये ठेवायला मन धजत नव्हतं. सासूबाई म्हणाल्या, रुमालात गुंडाळून ठेव, त्यांनी 13 जुलै 1660 ला खिंडीत याहून जास्त सोसलं. दोन तासांनी जुना जोड बोटाच्या दाबाने सुटला. डर्बीच्या काकांनी ठोकून दिलेलं पातं बसवलं, रात्रभर मेणबत्तीच्या ठोकळ्याला टेकवून ठेवलं. सकाळी बोटाने टिचकी मारली, पातं थरथरलं आणि जागेवर आलं. खोबळ्याजवळ पितळ दिसत होतं, तिथे राखाडी रंग दिला.

सात भाले झाले, चार उरलेत. दोन पेन्सची सव्वीस नाणी हवी आहेत, ज्यांच्या घरात बरणी आहे त्यांनी शुक्रवारी आणावीत. व्हॅनमध्ये हा डबा मी मांडीवर घेऊन बसेन.