कॉटन फिल्टरला कॉम्प्रेसरची हवा नको

गाडीच्या इंजिनाचा कॉटनचा एअर फिल्टर साफ करताना कॉम्प्रेसरची हवा मारा आणि वर सढळ हातानं तेल लावा, असा सल्ला दिला जातो. दोन्ही चूक. कागदी फिल्टरला लांबून हलकी हवा चालते, पण धुवून वापरायच्या कॉटन फिल्टरची वीण त्यानं फाकते. कोल्हापुरातल्या शिरोली, गोकुळ शिरगाव या औद्योगिक वसाहतींकडे रोज ये-जा असेल तर फौंड्रीची बारीक वाळू त्यातून थेट आत जाते, मग पिस्टनच्या रिंगा आणि सिलिंडरचा बोअर घासलेच म्हणून समजा.

फिल्टरचा क्लीनर मारून दहा मिनिटं थांबा, पण सुकू देऊ नका. मग नळाच्या संथ धारेनं इंजिनाकडच्या बाजूनं बाहेर धुवा, म्हणजे धूळ आल्या वाटेनं निघते. सावलीत पूर्ण वाळवा. आपल्या पावसाळ्यात एक दिवस पुरत नाही, तरी हेअर ड्रायर नको, उष्णतेनं कापूस आकसतो. फिल्टरच्या तेलाची प्रत्येक घडीवर एकच बारीक रेघ, वीस मिनिटांनी पांढरे ठिपके राहिले तर तेवढ्यावरच परत. जास्तीचं तेल एअर फ्लो सेन्सरच्या (इंजिनात जाणारी हवा मोजणाऱ्या) तारेवर बसतं, गाडी आयडलिंगला अडखळते आणि चेक इंजिनचा दिवा लागतो. कोरडा फिल्टरही बसवू नका, बारीक धूळ धरून ठेवतं ते तेलच. बसवताना कडेच्या रबरावरून बोट फिरवा. चीर सापडली तर फिल्टर बदलाच, तिथून धूळ न गाळताच आत जाते.