लिपी बदलली म्हणजे गोट बदलला का?

रेवा_के:
दोन वर्षं रशियन शिकतेय. पुढे मध्य आशियात काम करायचं मनात आहे. पण कझाकस्तान सिरिलिक (रशियन ज्या लिपीत लिहितात ती) सोडून लॅटिन लिपीकडे निघालाय आणि 2024 मध्ये बाकूत तुर्की कुळातल्या भाषांसाठी 34 अक्षरांची सामाईक वर्णमालाही ठरली, असं वाचलं. म्हणजे हे देश रशियाचा हात सोडून तुर्कस्तानकडे चाललेत का? जीव लावून शिकलेय, म्हणून विचारते.

अनुवादक_म:
रेवाताई, मी तीन वर्षं कझाकस्तानातल्या अल्माटी शहरात अनुवादाचं काम केलं. बैठक कझाकमध्ये सुरू व्हायची आणि हिशेबाचे आकडे निघाले की सगळे रशियनवर यायचे. तुमचं शिक्षण वाया जात नाही.

लिपीचं दुखणं मात्र खरं आहे. माझ्या एका सहकारी बाईंची पणजी अरबी लिपीत लिहायची. आजी शाळेत लॅटिन शिकली, कारण 1929 ते 1940 तीच चालायची. या स्वतः सिरिलिकमध्ये वाढल्या. पणजीची पत्रं घरात आहेत, वाचणारं कोणी नाही. लिपीच्या चर्चेत त्यांचे डोळे का भरायचे, ते तेव्हा कळलं.

आणि ‘गोट’ हा शब्द तिथे मला बसतच नाही. जानेवारी 2022 मध्ये कझाकस्तानात दंगली उसळल्या तेव्हा तिथले राष्ट्राध्यक्ष तोकायेव यांनी रशियाच्या पुढाकारातल्या लष्करी संघटनेचं सैन्य बोलावलं. त्याच जूनमध्ये सेंट पीटर्सबर्गला, पुतिन शेजारी बसलेले असताना, युक्रेनमधल्या दोनेत्स्क आणि लुहान्स्क या रशियाच्या पाठिंब्याने फुटलेल्या भागांना मान्यता देणार नाही असं सांगितलं. कझाकस्तानचं तेल मात्र आजही बहुतांशी रशियातल्या नोव्होरोसिस्क बंदरातूनच बाहेर जातं.

सिल्करोड७:
तुर्कस्तानशी असलेल्या बंधुभावाचंही तसंच. एप्रिल 2025 मध्ये समरकंदला युरोपीय संघाबरोबर शिखर परिषद झाली. तिथे मध्य आशियातल्या पाचही देशांनी सायप्रसवरच्या 541 आणि 550 या संयुक्त राष्ट्रांच्या ठरावांना पाठिंबा दिला. फक्त तुर्कस्तान ज्याला देश मानतो त्या उत्तर सायप्रसला मान्यता देऊ नका, असं सांगणारे हे ठराव. तुर्कस्तानच्या वर्मावरच बोट!
आणि लिपीचं म्हणाल तर उझबेकिस्तानात लॅटिनचा कायदा 1993 चा, सिरिलिक अजून चालूच आहे.

रेवा_के:
मग जोडीला कझाक सुरू करते. कुठल्या लिपीतून?

अनुवादक_म:
सिरिलिकमधूनच. आजची पुस्तकं त्यातच आहेत. 42 पैकी 33 अक्षरं तुम्हाला येतात, उरली नऊ.