झाडाचं नाव कळायला किती दिवस लागले?

चांदण्या रात्री डोंगर उतरताना वळणावर पांढरंफटक काहीतरी उभं दिसलं आणि आमच्यातले तिघं जागीच थबकले. बॅटरी मारली तर झाड. अंगावर पान नाही, साल कागदासारखी सुटलेली. मी छातीठोकपणे 'सलई' म्हणून सांगितलं आणि पुढची दोन वर्षं तेच सांगत राहिले. मग एका मार्चात दिवसाउजेडी तिथे टेकले, तेव्हा फांद्यांच्या टोकांना लालसर, पाच टोकांच्या चांदणीसारखी फळं दिसली. कौतुकानं हात लावला तर त्यांची कूस बोटांत घुसली, संध्याकाळपर्यंत चुरचुरत होती. सलईला असली फळं येत नाहीत. खाली पाचोळ्यात पंजासारखी, पाच टोकांची पानं पडली होती. सलईचं पान कडुनिंबाच्या वळणाचं. म्हणजे दोन वर्षं मी वरच बघत होते, पायाखाली उत्तर पडलेलं. ते कहांडळ. त्याला भुत्या का म्हणतात, हे मला आता कुणी समजावायला नको.

तर हा धागा त्यासाठी. वाटेत भेटलेलं, मान वर करायला लावणारं झाड आणि ते ओळखताना झालेली फजिती. पुस्तकातली माहिती नको, स्वतःचं लिहा.

*

आमची फजिती कुसुमाची. समोरच्या उतारावर एकच लालबुंद झाड. मी म्हणालो पळस, मित्र म्हणाला पांगारा, पैज लागली. तासभर काट्याकुट्यांतून चढून गेलो तर झाडावर फुलांची लाली नाहीच, सगळी कोवळ्या पालवीची! दोघंही हरलो. महिन्याभरानं तेच झाड साधं हिरवं, ओळखूही येईना.

*

हसू नका. मोबाइलच्या अ‍ॅपमध्ये मी पानाचा फोटो टाकला, उत्तर आलं, पटलं नाही. दुसरा फोटो, तेच उत्तर. जाडसर पानं, नळीसारखी नारिंगी फुलं, झाड मात्र भलंमोठं, डेरेदार. चार दिवस अ‍ॅपला शिव्या घातल्या. शेवटी एका माळीकाकांना दाखवलं. ते फोटो न बघताच झाडाकडे बघून म्हणाले, "ताई, हा आंबा आहे. तुम्ही बांडगुळाचा फोटो काढलाय."

अ‍ॅप बरोबर होतं. मीच आंबा ओळखला नाही, तोही आंबा! तेव्हापासून आधी खोडापासून फांदी धरून नजर वर न्यायची आणि पान त्याच फांदीचं आहे ना हे बघायचं, मगच फोटो.

*

मी नाकानं ओळखते. पान चुरडायचं आणि हुंगायचं. वावळाचं पान चुरडलं की असा वास येतो की पुन्हा विसरणं नाही. (उन्हाळ्यात त्याच्या चपट्या, गोल पापड्या वाऱ्यावर उडत येतात, तीही खूण.) सप्तपर्णीला तर चुरडायचीही गरज नाही. पावसाळा सरल्यावर ती फुलली की रात्री लांबवरून कळतं. आमच्याकडे अर्धं घर त्या वासावर खूश आणि अर्धं डोकं धरून बसलेलं.

*

वरच्या ताईंना हात जोडून विनंती: दिसेल ते पान चुरडायला सांगू नका. माझं ऐका, अनुभवाचे बोल आहेत. फांदीच्या टोकाला मोठाल्या पानांचा झुबका दिसला, एक तोडलं, चीक मनगटाला लागला, रुमालानं पुसला आणि विसरलो. दुसऱ्या दिवशी मनगट काळं पडलं, मग फोड, आणि ज्या ज्या जागी तो रुमाल लागला तिथे तिथेही फोड. (कुठे कुठे ते विचारू नका.) बिब्बा होता. फळ असतं तर ओळखला असता, नारिंगी बोंडाच्या टोकाला काळी बी. पण फळांचा हंगाम नव्हता आणि शहाणपणाचाही नव्हता.

*

ऐन. साल मगरीच्या पाठीसारखी, चौकटी चौकटींची. एवढ्यावर समाधान नसेल तर पान उलटं करा, देठाजवळ दोन बारीक गाठी हाताला लागतात. अर्जुनाचा बुंधा गुळगुळीत. संपलं.

*

मी गोरखचिंचेसाठी एक संध्याकाळ घालवली ते सांगतो. हिचं पान हाताच्या बोटांसारखं पसरलेलं, म्हणून बरेच जण तिला सावर समजतात. मीही समजत होतो. पण एवढ्या जाड बुंध्यावर काटा कसा नाही? (जुन्या सावरीचेही झडतात, म्हणून हा मुद्दा तितकासा पक्का नाही.) जमिनीपासून छातीच्या उंचीवर दोरी गुंडाळली, मग ती टेपनं मोजली: 9 मीटर 40 सेंटिमीटर. 3.14 नं भागलं तर व्यास जवळजवळ 3 मीटर.

त्यानंतर कळीखाली बसलो. लांब दांड्याला उलटी लटकलेली, लिंबाएवढी. अंधार पडता पडता तिच्या हिरव्या टोपीला चीर गेली आणि पांढऱ्या पाकळ्या बघता बघता मागे वळल्या. मधून पुंकेसरांचा गोंडा बाहेर आला. वासाला सुगंध म्हणणं जड जाईल. थोड्या वेळानं वटवाघळं आली. सकाळी परत गेलो तर फुलं मलूल, काही खाली पडलेली. एका रात्रीचा खेळ.

तिच्या बुंध्याला वयाची पाटी लावलेली असते, त्यावर माझा फारसा विश्वास नाही. हे मूळचं आफ्रिकेतलं झाड म्हातारपणी आतून पोकळ होतं, वर्तुळं मोजायची म्हटली तरी आत काही उरत नाही.

*

बुंध्याभोवती बसण्यावरून आठवलं. कॅलिफोर्नियातलं हायपेरियन हे रेडवुड 2006 मध्ये सापडलं, उंची 115 मीटरहून जास्त. त्याचा ठिकाणा गुप्त होता, पण लोकांनी शोधून काढलाच. बघायला येणाऱ्यांच्या पायांनी बुंध्याभोवतीची जमीन तुडवली जायला लागली, तेव्हा 2022 मध्ये तिथे जायलाच बंदी घातली. आमच्या आवडत्या अर्जुनाची तीच गत. दरवेळी नवा ग्रुप घेऊन जायचो, फोटोसाठी मुळांवर उभे राहायचो. मुळांवरची माती निघून गेलेली दिसली तेव्हा मीच नेणं थांबवलं. आता लांबूनच बघते.

*

मला ओळख हवी आहे, कुणी सांगाल का? जानेवारीत पाहिलं. झाड उंच, सडसडीत, फांद्या अगदी कमी. वर तलवारीसारख्या लांब, चपट्या शेंगा लोंबत होत्या, हातभर तरी असतील. एक शेंग खाली फुटून पडली होती, तिच्यातून पातळ, पारदर्शक पंखांच्या बिया भुरभुर निघाल्या. फुंकर मारली तर जमिनीला टेकायलाच तयार नाहीत. आणि सगळ्यात विचित्र म्हणजे झाडाखाली हाडांचा ढीग पडल्यासारखं वाटलं. जवळून बघितलं तर वाळलेले, सांध्यासांध्यांतून निखळलेले लांब देठ होते. फोटो अंधारात आलाय, टाकायची लाज वाटते.

*

फोटो नको. टेटू. पानं मोठाली असतात, ती गळताना देठांचे तुकडे होतात, तीच तुमची हाडं. दशमुळांपैकी एक म्हणून वैद्य मंडळी ह्याला ओळखतात. पावसाळ्यात पुन्हा जा. फुलं रात्री उमलतात, वटवाघळांसाठी, म्हणून वर बघत बसू नका. पहाटे लवकर पोचलात तर जांभळट, मांसल फुलं खाली पडलेली सापडतील. नाक जरा लांब ठेवा.