नाळेतलं रक्त संशोधनासाठी: तोंडी होकार, सहीच्या वेळी माघार

संमती_समन्वयक: मूलपेशींच्या (स्टेम सेल, ज्यांपासून शरीरातल्या वेगवेगळ्या पेशी बनू शकतात) प्रकल्पासाठी प्रसूती विभागातून नाळेतलं रक्त गोळा करायचंय. बोलताना बहुतेक जणी तयार असतात, पण चार पानी संमतीपत्र पुढे आलं की "घरी विचारून सांगते". पुढे काहीच नाही. चुकतंय कुठे?

वारनाळ: सही कधी घेता? कळा सुरू झाल्यावर कागद पुढे केलात तर ती संमतीच नव्हे. सातव्या-आठव्या महिन्यात माहिती सांगा, कागद घरी न्यायला द्या, सही पुढच्या तपासणीला. घरच्यांची शंका बहुधा एकच: बाळाचं रक्त काढणार का? नाळेला चिमटा लावून ती कापल्यावर वारेकडच्या (प्लासेंटाकडच्या) बाजूला जे उरतं तेवढंच घेणार, हे चित्र काढून दाखवा. चिमट्याची घाई होणार नाही, हेही लेखी द्या. जागतिक आरोग्य संघटना किमान 1 मिनिट थांबायला सांगते. थांबलं की पिशवीत रक्त कमी येतं; ते चालेल असं प्रकल्पातच नोंदवा, नाहीतर दबाव सिस्टरवर येतो. आणि वार घरी नेऊन पुरणारी कुटुंबं आहेत. रक्त घेतल्यावर ती परत मिळणार का, याचं उत्तर तयार हवं.

सेंट्रिफ्यूज: नाळेतलं रक्त पैसे घेऊन साठवणाऱ्या खासगी बँकांच्या जाहिरातींमुळे "आमच्या बाळासाठी साठवणार ना?" असं गृहीत धरलं जातं. पहिल्याच ओळीत ठळक लिहा: हे रक्त तुमच्यासाठी राखून ठेवणार नाही, यातून बाळाला उपचार मिळणार नाही. आईची एचआयव्ही, हिपॅटायटिस बी-सी तपासणी होणार असेल तर निकाल कोण, कसा सांगणार तेही.

माघारीबद्दल गोलमोल लिहू नका. नमुन्यावरचा क्रमांक नावाशी जोडलेला आहे तोवर तो नष्ट करता येतो. सेल लाइन (लॅबमध्ये सतत वाढत राहणाऱ्या पेशी) बनून दुसऱ्या लॅबमध्ये गेली की परत बोलावता येत नाही. हेन्रिएटा लॅक्स या अमेरिकेतल्या कर्करोगाच्या रुग्णाच्या पेशी 1951 मध्ये तिला न विचारता घेतल्या, त्या आजही लॅबमध्ये वाढताहेत.

एक सही सगळ्याला नको. हा प्रकल्प, पुढची संशोधनं, जनुकीय चाचण्या, कंपनीला नमुना देणं: चार वेगळे चौकोन. पैसे मिळणार नाहीत आणि पेटंट होऊ शकतं, दोन्ही सांगा.

(जाता जाता: रक्त येत असताना पिशवी हळूहळू हलवत राहा. गोठणरोधक नीट मिसळलं नाही तर गुठळी होऊन नमुना वाया जातो.)

संमती_समन्वयक: चौकोनांचं पटलं. आयव्हीएफमधल्या उरलेल्या भ्रूणांनाही हाच फॉर्म चालेल?

वारनाळ: अजिबात नाही. वार एरवी बहुधा टाकूनच देतात, भ्रूणात मात्र जोडप्याला होऊ शकलं असतं ते मूल दिसतं. उपचाराच्या सुरुवातीचा होकार शेवटी बदलू शकतो, म्हणून वापराआधी पुन्हा विचारा. 2021 च्या एआरटी (सहाय्यक प्रजनन तंत्रज्ञान) कायद्यानुसार साठवण जास्तीत जास्त 10 वर्षं; नंतर भ्रूण नष्ट होऊ द्यायचं, किंवा जोडप्याच्या संमतीने नोंदणीकृत संशोधन संस्थेला द्यायचं. प्रयोगशाळेत 14 दिवसांपुढे वाढवता येत नाही, हे सांगायला विसरू नका. नेहमीच्या एथिक्स कमिटीखेरीज मूलपेशी संशोधनाची वेगळी समितीही लागते; आयसीएमआरची (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) 2017 ची मार्गदर्शक तत्त्वं बघा.