पासपोर्ट बघून कीवर सही करायची, पण पासपोर्ट खरा कशावरून?

निवांत
परवा पहिल्यांदाच की-साइनिंगला गेलो, म्हणजे लोक भेटून ओळखपत्रं बघतात आणि मग एकमेकांच्या एन्क्रिप्शनच्या कीवर (डिजिटल किल्लीवर) डिजिटल सही करतात. समोरच्याने पासपोर्ट पुढे केला, मी फोटो बघितला, त्याचं तोंड बघितलं, मान डोलावली, झालं. आता घरी कीचे फिंगरप्रिंट (की ओळखायची अक्षरांची ओळ) लिहिलेल्या सात चिठ्ठ्या घेऊन बसलोय आणि सही करायला हात होत नाहीये, कारण त्यातल्या दोन देशांचे पासपोर्ट मी जन्मात पहिल्यांदा बघितले, घरी छापून आणले असते तरी मला काय कळणार होतं? आणि सहा वर्षं ज्याच्याबरोबर कोड लिहितोय तो आयडी विसरला म्हणून त्याला मात्र नाही म्हणालो. तुम्ही नक्की काय बघता?

मृण्मयी_क
फोटोखाली त्या दोन ओळी असतात ना, ४४-४४ अक्षरांच्या, त्यात चेक डिजिट (पडताळणीचे आकडे) असतात. ७-३-१ ने गुणत जायचं, बेरीज करून १० ने भागायचं, बाकी जुळली पाहिजे.

खोडसाळ
ते चुकून वेगळं अक्षर पडलं तर पकडायला आहे हो, खोटा बनवणाऱ्यालाही ७-३-१ येतंच की. चिपचं वेगळं, त्यातल्या डेटावर देणाऱ्या देशाची डिजिटल सही असते, पण रांगेत उभं राहून पासपोर्टला मोबाइल कोण लावू देतो? २००६ च्या डेबकॉन्फला (डेबियन लिनक्सवाल्यांच्या संमेलनाला) एकाने चक्क ट्रान्सनॅशनल रिपब्लिक नावाच्या, नकाशात कुठेच नसलेल्या देशाचं ओळखपत्र दाखवलं, बऱ्याच जणांनी मुकाट मान्य केलं.

जुना_खोंड
निवांत, दोन गोष्टींची गल्लत होतेय. सही म्हणजे ही किल्ली या नावाच्या माणसाची आहे एवढंच, माणूस भरवशाचा आहे असं नाही. त्यासाठी जीपीजीत (या किल्ल्या वापरायच्या प्रोग्राममध्ये) ओनरट्रस्ट, म्हणजे त्याच्या सह्यांवर तुमचा किती भरवसा ते, वेगळा असतो आणि तो तुमच्याच मशीनवर राहतो. पासपोर्टवरून फार तर नाव कळतं, ती किल्ली त्याच्याकडे आहे का ते नाही. म्हणून फिंगरप्रिंट त्याच्या हातच्या चिठ्ठीवरून जुळवा आणि केलेली सही सर्व्हरवर न टाकता कीवर दिलेल्या ईमेलवर एन्क्रिप्ट करून पाठवा, कॅफ नावाचं टूल हेच करतं. मेल आणि की दोन्ही त्याची असेल तरच उघडेल. मित्राचं म्हणाल तर माझ्या मते सहा वर्षांची ओळख कुठल्याही कार्डापेक्षा वरचढ.

निवांत
मित्राला व्हिडिओ कॉल केला, फिंगरप्रिंटची चाळीस अक्षरं वाचून दाखवली त्याने, बी का डी यावर तीनदा अडलो पण जुळलं, सही केली. सातपैकी एका चिठ्ठीवर आयडी बघितल्याची खूणच नाहीये आणि ती कोणी दिली तेही आठवत नाही, ती फाडली.