साठवलेल्या चार पदरी लोकरीतून आईसाठी कार्डिगन : पॅटर्न जाड लोकरीचा आहे, कसा बदलू?

निळाई (प्रश्न)

नमस्कार. माझ्याकडे बरीच वर्षं ठेवलेली राखाडी-निळी शुद्ध लोकर आहे, चार पदरी. वजन केलं तर 280 ग्रॅम भरते. त्यातली 180 ग्रॅम एका रंगाची आहे. उरलेली 100 ग्रॅम त्याच रंग-नंबरची असूनही किंचित फिकट आहे. शिवाय मरून रंगाचे दोन-तीन छोटे गुंडे आहेत, त्यांच्यावरचं लेबल हरवलं आहे.

आईचा खांदा आखडला आहे. डोक्यातून घालायचा स्वेटर तिला चढवता येत नाही, म्हणून पुढून उघडणारं, बटणांचं, पूर्ण बाह्यांचं कार्डिगनच हवं. आवडलेल्या पॅटर्नमध्ये पाठ, दोन पुढचे भाग आणि बाह्या वेगवेगळ्या विणून जोडायच्या आहेत. पण त्यात 10 सेंटीमीटरमध्ये 22 टाके आणि 30 ओळी धरल्या आहेत. माझ्या लोकरीचा नमुन्याचा तुकडा 3.25 मिमीच्या सुयांवर (10 नंबर) छान बसतो, पण त्यात 26 टाके आणि 36 ओळी येतात. तयार कार्डिगनची छाती 100 सेंटीमीटर हवी.

दुहेरी धागा घेऊन विणू का? की टाके बदलू? आणि मुळात लोकर पुरेल का? ही लोकर आता कुठे मिळणार नाही, त्यामुळे सुरू करायच्या आधी खात्री हवी आहे.

एक सुलट एक उलट

दुहेरी धागा नको. दोन धागे एकत्र घेतले की कापड जाड होतं आणि तेवढ्याच मापाला साधारण दीडपट लोकर लागते. 280 ग्रॅममध्ये बाह्या अर्ध्यावर राहतील. शिवाय आखडलेल्या खांद्यावर जड कपडा कशाला? पातळच विणा.

लोकर पुरेल की नाही हे तुकडाच सांगेल. 15 बाय 15 सेंटीमीटरचा तुकडा विणा, धुवा, सपाट वाळवा, मग मोजा आणि वजन करा. धुण्याआधीच्या मापावर विसंबू नका, लोकर पाण्यात सैलावते. समजा तुकडा 6 ग्रॅमचा भरला. म्हणजे 225 चौरस सेंटीमीटरला 6 ग्रॅम. पाठ 50 बाय 58, म्हणजे 2900. दोन्ही पुढचे भाग पट्टीसह तेवढेच. बाही मनगटाला 24, वर 36, म्हणजे सरासरी 30, लांबी 44. दोन बाह्यांचे 2640. एकूण 8440. त्याला साधारण 225 ग्रॅम लागतात. गळा आणि शिवणीसाठी दहा टक्के वाढवले की 250 च्या आसपास. पुरेल, पण उधळायला शिल्लक नाही. तुकडा जपून ठेवा, कमी पडली तर तोच उसवता येतो.

आता पॅटर्न. 100 सेंटीमीटरला तुमचे 260 टाके होतात. पॅटर्नमध्ये 260 टाके कोणत्या मापाला येतात? 260 भागिले 2.2, म्हणजे 118. तेव्हा पॅटर्नमधल्या 118 छातीच्या मापाचे (किंवा सगळ्यात जवळच्या मापाचे) टाके घ्या आणि तुमच्या सुयांवर विणा. कापड आपोआप 100 चं होईल. तुमच्या ओळीही जवळपास त्याच प्रमाणात बारीक आहेत, त्यामुळे मुंढ्याचे (बाही जोडायच्या जागेचे) आणि गळ्याचे घट, म्हणजे कमी करायचे टाके, ओळी मोजून दिले असतील तर तेही 118 चेच चालतील. पण जिथे पॅटर्न सेंटीमीटरमध्ये बोलतो, म्हणजे काखेपर्यंतची उंची, बाहीची लांबी, तिथे आईचंच माप घ्यायचं. ही दोन मापं एकमेकांत मिसळली की बाही गुडघ्यापर्यंत येते.

पाठीला 130 टाके. पुढचा प्रत्येक भाग 65 नव्हे, 61. बटणपट्टी 3 सेंटीमीटर रुंद आणि एकावर एक येणार, तिची अर्धी रुंदी प्रत्येक बाजूने वजा करायची. हे बऱ्याच पॅटर्नमध्ये आधीच केलेलं असतं, एकदा तपासा.

गुंडाळी

वरचा हिशोब उत्तम. मी फक्त फिकट लोकरीबद्दल सांगते. एक सबंध बाही फिकट रंगाने विणली तर उजेडात खांद्याशी रेघ दिसते. त्यापेक्षा सगळ्या भागांत दोन्ही मिसळा : गडद रंगाच्या चार ओळी, मग फिकट रंगाच्या दोन. ओळी सम संख्येत ठेवल्या की धागा परत त्याच कडेला येतो, तोडावा लागत नाही. वजनही जमतं, 250 पैकी सुमारे 167 गडद, 83 फिकट. कडेला धागा ओढून घट्ट करू नका, नाहीतर शिवण आखडेल.

मरूनचा छोटा धागा जाळून बघा, चिमट्यात धरून, पाण्याच्या वाटीवर. केस जळल्यासारखा वास आणि चुरडणारी राख म्हणजे लोकर. वितळून कडक मणी झाला तर अॅक्रिलिक. अॅक्रिलिक असेल तर मी बटणपट्टीला वापरणार नाही, धुतल्यावर दोन्ही कापडं वेगवेगळी वागतात.

निळाई

मनापासून आभार. तुकडा धुतला : 26 टाके, 36 ओळी तशाच राहिल्या आणि वजन 6 ग्रॅमच. मरूनची राख झाली, म्हणजे लोकर! मनगट, खालची बॉर्डर आणि पट्टी मरूनमध्ये करते, निळी तेवढी वाचेल. बाहीचे टाके कधी वाढवू?

एक सुलट एक उलट

मनगटाला 62, वर 94. म्हणजे 32 टाके वाढवायचे, सोळा वेळा दोन्ही कडांना एकेक. बॉर्डर 6 सेंटीमीटर धरली तर वर 38 सेंटीमीटर उरतात, सुमारे 137 ओळी. दर आठव्या ओळीला वाढवा, 128 ओळींत संपेल, वरच्या नऊ साध्या. दोन्ही बाह्या एकाच सुईवर दोन गुंड्यांनी सोबत विणा, वाढ चुकत नाही.

पट्टीसाठी कडेवरून चार ओळींमागे तीन टाके उचला. सगळे उचलले तर पट्टीला लाटा येतात. बटणं मोठी, सपाट घ्या आणि काजं थोडी सैल ठेवा, म्हणजे हात फार वर न नेता आईला एका हाताने लावता येतील. मुंढा 1 सेंटीमीटरने खोल केलात तरी चालेल, पण मग बाहीचा माथाही (मुंढ्यात बसणारा वरचा भाग) तेवढाच वाढवायचा.