थर्मोस्टॅट काढा, प्रेशर वाढवा, बोटीच्या इंजिनाला एवढंच पुरे. पटत नसेल तर सांगा!

शिवसागरकाठ
राम राम मंडळी. कोयनेच्या शिवसागर जलाशयात, बामणोलीच्या अंगाला चुलत्यांची बोट आहे. वासोट्याच्या ट्रेकवाल्यांना सोडायची लाँच वेगळी, ही हौसेची. 18 फुटी फायबर, मागं 150 एचपीचं व्ही-6 (दोन रांगांत सहा सिलिंडर) टू-स्ट्रोक आऊटबोर्ड, म्हणजे बोटीच्या मागं बाहेरून टांगायचं इंजिन. गोव्याकडनं जुनं आणलं. आधीचा मालक आमच्याहून हौशी. त्यानं पाण्यात बुडणाऱ्या खालच्या गिअरकेसला टोकदार नोजकोन (पुढचं टोपण) बसवून पाणी घ्यायची भोकं पार पुढच्या टोकाशी नेलीत. त्यामुळं इंजिन वर उचलून लावलं तरी पाणी तुटत नाही आणि जीपीएसवर ताशी 80 किलोमीटर दिसतात.

आल्यापासून इंजिन गार करणाऱ्या पाण्याच्या प्रेशर गेजवर फुल रेसला 22 पीएसआय (दाबाचं माप) यायचं, स्लोला 2. मला ते कमी वाटलं. इंजिन गरम होईपर्यंत पाण्याची वाट अडवून धरणारे दोन्ही थर्मोस्टॅट काढून टाकले आणि जादा प्रेशर बाहेर सोडणारा जो पॉपेट व्हॉल्व्ह असतो त्याच्या स्प्रिंगखाली दोन वायसर घालून ती कडक केली. आता फुल रेसला 32! स्लोला काटा शून्यावर बसतो, पण थर्मोस्टॅटच नाहीत म्हटल्यावर ते होणारच. एकदा नळी निसटली, क्लिप बदलली, विषय संपला. टेम्परेचरचा काटा तर हलतच नाही.

माझं मत सरळ आहे. प्रेशर जास्त म्हणजे पाणी जास्त, पाणी जास्त म्हणजे इंजिन गार. थर्मोस्टॅट ही थंड देशातल्या लोकांची गरज, आपल्याला कशाला? ज्यांना पटत नाही त्यांनी कारण द्यावं. नुसतं 'कंपनीनं दिलंय म्हणजे असणार काहीतरी' चालणार नाही.

भिलवडीचा_ऑईलइंजिनवाला
शंभर टक्के सहमत दादा. आमच्या वडलांचं 650 फेऱ्यांचं डिझेल इंजिन कृष्णेच्या काठावर तीस वर्षं चाललं. पंपाच्या डिलिव्हरीतनं अर्ध्या इंची नळी काढायची, कॉक थोडा उघडायचा, पाणी हेडातनं (सिलिंडरच्या वरच्या झाकणातनं) फिरून परत पाटात. बाहेर पडणाऱ्या पाण्याखाली हात धरायचा. हाताला सोसलं की कॉक बरोबर. ना थर्मोस्टॅट, ना गेज. लय शिकलेल्या लोकांनी लय गुंता केलाय.

ठिबक_वाळवा
काका, तुमच्या उदाहरणातच उत्तर आहे. तुम्ही कॉक कुठं लावला होता? इंजिनात पाणी *शिरायच्या आधी*. बाहेर पडायची वाट मोकळी होती, पाणी पाटात पडत होतं. शिवसागरदादांनी नेमकं उलटं केलंय. शिरायची वाट तशीच, आणि बाहेर पडायच्या वाटेवरचा व्हॉल्व्ह आवळला.

माझ्या उसाला ठिबक आहे. फिल्टरच्या अलीकडं एक गेज, पलीकडं एक. फिल्टर गाळानं भरला की अलीकडचा काटा मस्त वर चढतो. नवीन गडी असला तर खूश होतो, 'मालक, आज प्रेशर दणक्यात आहे.' आणि शेवटच्या सरीला पाणी पोचलेलं नसतं. दोन काट्यांत अर्धा किलोचा फरक दिसला की मी फिल्टर खोलतो. म्हणजे काट्यावरनं पाणी वाढलं की वाट अडली ते कळत नाही, काटा कुठं बसवलाय आणि वाट कुठं आवळलीय ते माहीत असावं लागतं. तुमचं 22 चं 32 झालं ते पाणी वाढून नाही, बाहेरची वाट बारीक होऊन. पाणी उलट कमीच झालं असणार.

शिवसागरकाठ
मग टेम्परेचर का चढत नाही? तुमच्या हिशोबानं इंजिन तापायला पाहिजे होतं.

ठिबक_वाळवा
सेन्सर कुठल्या हेडला आहे?

शिवसागरकाठ
उजव्या.

ठिबक_वाळवा
व्ही-6 ला हेड दोन असतात दादा. डाव्याचं तापमान तुम्हाला कोण सांगतंय?

कराडचा_टूस्ट्रोक
प्रेशरचं तुम्ही दोघं बघा, मी थर्मोस्टॅटवर बोलतो. 'थंड देशातल्यांसाठी' हे साफ चूक. गाडीत तेच तेच पाणी रेडिएटरमधनं फिरतं, हळूहळू तापतं. तुमच्या बोटीत दर क्षणाला तलावाचं ताजं गार पाणी आत येतं आणि बाहेर जातं. ते कधी तापतच नाही. डिसेंबरात पहाटे बामणोलीला पाण्यात हात घालून बघा आणि मग सांगा थर्मोस्टॅट कुणासाठी असतो.

टू-स्ट्रोकचा पिस्टन ॲल्युमिनियमचा आणि सिलिंडरची बाही बहुतेक ठिकाणी बिडाची. ॲल्युमिनियम तापल्यावर बिडाच्या जवळपास दुप्पट फुगतं. गार इंजिनाला एकदम फुल रेस दिली की पिस्टन सेकंदात फुगतो आणि बाहेरून गार पाण्यानं आवळलेला सिलिंडर तसाच राहतो. पिस्टन धरतो. ह्याला गारठ्यातलं सीझ म्हणतात आणि ते तापून झालेल्या सीझइतकंच महागात पडतं. मी स्वतः एक इंजिन असं घालवलंय, बोटीचं नव्हे, पण बिल तेवढंच आलं. फोर-स्ट्रोक असतं तर वेगळं दुखणं, गार इंजिनात न जळलेलं पेट्रोल रिंगांवरनं उतरून ऑईलमध्ये मिसळतं.

मोटरकट्टा_सातारा
थर्मोस्टॅट हवाच, पण त्याचं खरं कारण वेगळं आहे. तो नसला तर पाणी इतक्या जोरात जातं की त्याला उष्णता उचलायला वेळच मिळत नाही. आमचे उस्ताद कायम हेच सांगायचे.

ठिबक_वाळवा
तुम्ही माझ्याच बाजूचे, तरी हे खोडावं लागतंय. उस्तादांचा मान राखून सांगतो, हे खरं नाही. तापलेला तवा नळाखाली धरा. बारीक धार सोडा, मग पूर्ण नळ सोडा. तवा कधी लवकर निवतो? जोराच्या पाण्याचा प्रत्येक थेंब कमी तापतो हे खरं, पण थेंब कितीतरी जास्त जातात आणि एकूण उष्णता जास्तच निघते.

तरीही थर्मोस्टॅट काढल्यावर इंजिनं तापतात, हे उस्तादांनी पाहिलेलं खरं आहे. कारण दुसरं. बाहेरची वाट सताड उघडी झाली की स्लोला ब्लॉकमधलं प्रेशर पडतं, पाणी सोप्या वाटेनं पळतं आणि वरच्या कोपऱ्यांत हवा नाहीतर वाफ अडकते. एक्झॉस्टच्या कडेला हेडचा धातू फार तापलेला असतो. तिथं प्रेशर नसेल तर पाणी जागेवरच उकळतं. वाफेचा फुगा धातूला चिकटून बसला की पाणी त्याला टेकतच नाही. महाबळेश्वरला पाणी 95-96 अंशालाच उकळतं, म्हणून तिथं डाळ शिजायला कुकर लागतो. इंजिनाचं तसंच. 15 पीएसआय दाब असला की पाणी 120 अंशांपर्यंत उकळत नाही, हाच घरच्या कुकरचा हिशोब.

शिवसागरकाठ
बघा, शेवटी तुम्हीच कबूल केलंत! प्रेशर पाहिजे. मी पहिल्या ओळीपासून तेच म्हणतोय. मग 32 ला का ओरडता?

भिलवडीचा_ऑईलइंजिनवाला
हां, आता सापडले ठिबकवाले.

ठिबक_वाळवा
कुकरला शिट्टी असते दादा. तुम्ही शिट्टीवर वीट ठेवलीत.

प्रेशर हवं, पण जिथं कमी पडतं तिथं हवं. तुमचं काय झालंय बघा. स्लोला, जिथं गरज होती, तिथं 2 चं शून्य. फुलला, जिथं भरपूर होतं, तिथं 22 चं 32. मोठ्या व्ही-6 आऊटबोर्डला फुल रेसला साधारण 15 ते 25 चालतं, तुमच्या मॉडेलचा नेमका आकडा सर्व्हिस मॅन्युअलमध्ये असतो. 32 म्हणजे 70 फुटांहून उंच पाण्याचा दाब. सात मजली इमारतीच्या टाकीचा दाब तुम्ही दोन बोटांएवढ्या रबरी नळ्यांवर आणि हेड गॅस्केटवर घेताय. नळी निसटली ती क्लिप खराब होती म्हणून नाही. बोट थोडक्यात वाचली तुमची. पुढच्या खेपेला गॅस्केटमधनं पाणी सिलिंडरमध्ये उतरेल.

आणि हे 32 कुठनं आलं तेही बघा. स्लोला रबरी इम्पेलर (पंपातलं पात्यांचं चाक) एकटा पाणी ढकलतो, पाती वाकून-उघडून. रेस वाढली की पाती पाण्याच्या दाबानं आत झुकतात आणि तो साध्या सेंट्रिफ्युगल पंपासारखा वागतो. शिवाय तुमच्या नोजकोनचं तोंड सरळ पुढं आहे. बोट पळते तसं पाणी त्यात आपटून शिरतं. हा दाब वेगाच्या वर्गानं वाढतो. ताशी 40 ला 9 पीएसआय, 80 ला थेट 36. थोडं वाटेत मरतं. म्हणजे तुमचं फुल रेसचं प्रेशर बहुतेक सगळं बोटीच्या वेगाचंच आहे, पंपाचं फारसं नाहीच.

कृष्णाकाठी_भटक्या
एक वेगळाच प्रश्न. तो सगळा भाग सह्याद्री व्याघ्र प्रकल्पाला लागून आहे. तिथं ताशी 80 नं टू-स्ट्रोक कशाला पळवायचं? आवाज पलीकडच्या डोंगरापर्यंत जातो.

शिवसागरकाठ
जंगलाच्या बाजूला जातच नाही आम्ही. गावाच्या अंगानं, आणि तेही महिन्यातनं दोनदा. धागा पाण्याच्या प्रेशरचा आहे, त्यावर बोला.

पूरबोट_सांगली
मी गेजवाला माणूस नाही. 2019 आणि 2021 च्या पुरात सांगलीत बोटीवर होतो, मागं साधी 25-30 एचपीची मशिनं. आयर्विन पुलाखालनं पाणी कसं जात होतं ते ज्यांनी बघितलंय त्यांना सांगायला नको. त्या पाण्यात अर्धा गाळ, आणि भोकांवर प्लॅस्टिकच्या पिशव्या बसायच्या. आमचा एकच नियम, इंजिनाच्या कुशीतनं जी पाण्याची धार पडते तिच्यावर डोळा. धार बारीक झाली की इंजिन बंद, वर उचल, भोकं साफ कर. धारेचं तोंड गाळानं बुजलेलं असायचं तर सायकलच्या स्पोकनं खुपसायचं. पाणी बोटाला कोमट लागलं पाहिजे. गार लागलं तरी मी बघतो, कडक लागलं तरी बघतो.

तुम्ही सगळे इतके आकडे सांगताय, पण साधी गोष्ट कुणी विचारली नाही. शिवसागर, इम्पेलर कधी बदललाय?

शिवसागरकाठ
इम्पेलरला काय होतंय? 32 येतंय म्हणजे पंप टकाटक आहे.

पूरबोट_सांगली
आत्ताच ठिबकवाल्यांनी सांगितलं की 32 बोटीच्या वेगाचं आहे. पंपाची खरी परीक्षा स्लोला. तुमचं स्लोला शून्य आहे.

शिवसागरकाठ
ते थर्मोस्टॅट काढल्यामुळं.

कराडचा_टूस्ट्रोक
किंवा नाही. थर्मोस्टॅट परत घाला, वायसर काढा, मग स्लोला काय येतं ते सांगा. 2 आलं तर तुम्ही जिंकलात.

ठिबक_वाळवा
आणि फुलला खरंच जास्त होत असेल तर तोडगा ठिबकमधलाच आहे, बायपास. ब्लॉकमध्ये शिरायच्या आधी टी टाकून एक रिलीफ व्हॉल्व्ह बसवायचा, जादा पाणी तिथनंच परत तलावात. गेट व्हॉल्व्ह नको. तो एका रेसला बरोबर बसवला की दुसऱ्या रेसला चुकतोच. बाहेरच्या बाजूला तर कधीच काही आवळायचं नाही.

भिलवडीचा_ऑईलइंजिनवाला
आमचा कॉक एकाच रेसवर चालायचा हे मात्र खरं. इंजिन दिवसभर एका तालात. बोटीचं तसं नसणार. पण हाताची परीक्षा मी सोडणार नाही.

शिवसागरकाठ (चार दिवसांनी)
मंडळी, काल केलं. आधी गावातल्या एसीवाल्याची टेम्परेचर गन आणली. धक्क्याला बांधून पाच मिनिटं स्लोला चालवलं. उजवं हेड 44, डावं 71. माझा काटा उजव्यावर, म्हणून मला सगळं गार गार दिसत होतं. ही एक गोष्ट मी मान्य करतो.

मग वायसर काढले, थर्मोस्टॅट परत घातले. फुल रेसला 23. स्लोला... शून्यच. म्हणजे थर्मोस्टॅटचा दोष नव्हता. तरी माझं मत आहे की उन्हाळ्यात ते काढले तर काही बिघडत नाही, त्यावर नंतर भांडू.

पूरबोट_सांगली
भांडण राहू दे. खालचा भाग उतरवलास का?

शिवसागरकाठ
उतरवला काका. गोव्याहून आणल्यापासून पंप कुणी उघडलेलाच नव्हता. आधीच्यानं कधी उघडला होता देव जाणे. इम्पेलरची दोन पाती बुडातनं तुटलेली, बाकीची एका बाजूला वाकून तशीच आखडलेली.

कराडचा_टूस्ट्रोक
तुटलेली पाती पंपाच्या डब्यात सापडली का?

शिवसागरकाठ
नाही. डाव्या हेडचं कव्हर काढलं तर पाण्याच्या भोकात एक अडकलेलं होतं, गाळानं माखलेलं. चिमट्यानं ओढलं.

पूरबोट_सांगली
आणि दुसरं?

शिवसागरकाठ
तेच शोधतोय.